बारगिराने लेकीस घोडी घेतली त्याची हकीकत

श्री. जो देव उंदरावर बसून सुखी आहे आणि कोणाकडे घोडे मागत नाही, त्यास पहिले नमन. दुसरे नमन राज्यास, कारण ते न केल्यास लिहिणारास बाध येतो. शके सोळाशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरी, एका राज्यात जे वर्तले ते लिहितो. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, आणि न लिहिल्याने वाचणाराचे काही अडत नाही. असे राज्य ज्याने त्याने कोठे ना कोठे पाहिलेलेच असते. त्या राज्यात माणसे दोन प्रकारची होती. ज्याचे घोडे स्वतःचे तो शिलेदार, आणि ज्यास घोडे सरकारच्या पागेतून मिळे तो बारगीर. शिलेदार दरबारात बसे, बारगीर उभा राही, आणि लढाईत दोघांसही सारखेच लागे. बारगिराचे घोडे मेले तर सरकारी डाग दिल्या जागचे कातडे कापून पागेत जमा करावे लागे, नाही तर घोडे विकून खाल्ले असे धरीत. बारगीर मेला तर मात्र काहीच जमा करावे लागत नसे, इतकी सरकारची माया.

अशा बारगिरांत जैतोजी भापकर म्हणोन एक होते. बावीस वर्षे चाकरी झाली, अकरा घोडी मांडीखालून गेली, आणि त्यांत एकही आपले म्हणावयाचे नव्हते. स्वभावे थोडे बोलके, थोडे भित्रे. परंतु भीती घोड्यावर कधी दिसली नाही, ती घरात दिसे. घरात स्त्री सगुणाबाई, आणि फार नवसांनंतर झालेली एकच कन्या आवडाबाई. आधीची दोन मुले पाळण्यातून गेली होती, त्यामुळे आवडाबाईंस शिंक आली तरी जैतोजी उंबऱ्याशी उभे राहात आणि दुसरी शिंक येते की काय ते पाहात. कन्या सहा वर्षांची असता पागेतून एक राखाडी घोडा त्यांच्या दारी चार महिने बांधावयास आला, आणि कन्येने त्यास गवत घातले, माशा वारल्या, त्याच्या पोटाखालून इकडून तिकडे जाण्याचा खेळ केला, आणि मग एके दिवशी पागेचे लोक आले आणि घोडा सोडून घेऊन गेले. कन्या तीन दिवस रित्या खुंट्यापाशी बसली. जेवावयास तेथेच आणून द्यावे लागले. जैतोजींनी समजूत घातली की ते घोडे सरकारचे होते. तेव्हा कन्या म्हणाली, "मग आपले कोणते?" हा प्रश्न बावीस वर्षांत कोणी वरिष्ठानेही त्यांस विचारिला नव्हता, सबब उत्तर तयार नव्हते, आणि ते बोलून गेले, "तुझे म्हणून एक आणीन. कोणी सोडून नेणार नाही असे." बोलून गेले आणि मग रात्रंदिवस त्या शब्दाचे ओझे वाहू लागले.

त्याच सुमारास राज्यात एक हुकूम जाहला की लहान मुलाच्या स्वारीचे घोडे पागेच्या गणतीत धरू नये. मुलांस सवय लागावी, पुढे शूर निपजावी. हुकूम चांगला होता. सरदारांस तो इतका आवडला की महिन्याभरात एका मातबर सरदाराच्या सात महिन्यांच्या कन्येपाशी चाळीस घोडी झाली, आणि ती कन्या अजून पालथी पडावयास शिकत होती. जैतोजींस यातले काही कळले नाही. त्यांस एवढेच कळले की मुलाचे घोडे हे मुलाचेच राहते, आणि हे ऐकून ते पागेतून घरी पायी आले ते गाणे म्हणत आले. सगुणाबाईंनी विचारिले की पगार वाढला काय. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या की मग गाणे कशापायी. जैतोजींनी घोड्याचा विचार सांगितला, तो ऐकून त्या चुलीतले लाकूड मागे ओढून शांतपणे म्हणाल्या, "पोरीला लुगडं फाटकं, आणि खाली घोडं. लोक म्हणतील, वरात चालली आणि नवरा विसरला." पुढे दोन दिवस त्या याच तऱ्हेने बोलत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी म्हैस दाखविली आणि म्हणाल्या, "ही न्या. दूध पोरीसाठीच घेत होतो, घोडंही पोरीसाठीच. मला ताकाचा कंटाळाच आला होता." ताकावाचून त्यांस घास उतरत नसे हे जैतोजींस ठाऊक होते, परंतु त्यांनी ते दाखविले नाही आणि म्हैस सोडली. मग वडिलांचे रुप्याचे कडे दंडातून काढिले, ते निघेना म्हणोन तेल लाविले, आणि तंबाखू सोडली, आणि पागेतले फाटके खोगीर शिवून देण्याचे काम संध्याकाळी धरिले. असे दीड वर्ष चालले. बोटांस सुया टोचून घट्टे पडले. कन्या आठ वर्षांची झाली, आणि मग जैतोजी घोडेबाजारास निघाले.

बाजारात जाऊन पाहतात तो जे घोडे डोळ्यांत भरे ते ऐपतीत बसेना, आणि जे ऐपतीत बसे ते उठेना. दोन दिवस असेच फिरले. तिसऱ्या दिवशी पीरखान सौदागर यांनी हाक मारिली. पीरखानांची दाढी पांढरी, पाठ वाकलेली, आणि बाजारात त्यांची प्रसिद्धी अशी की खोटे बोलतात परंतु आधी सांगून बोलतात. त्यांनी रुमाल पसरिला, जैतोजींचा हात त्याखाली घेतला, जसा त्या बाजाराचा रिवाज होता की भाव तोंडाने बोलू नये, रुमालाखाली बोटे दाबून सांगावा. आणि जैतोजींनी आपल्याकडचे सर्व बळ बोटांनी दाबून सांगितले. पीरखानांनी त्यांची बोटे तशीच धरून ठेविली आणि घट्टे चाचपून पाहिले. मग विचारिले, "कोणासाठी?" जैतोजी म्हणाले, लेकीसाठी. तेव्हा पीरखानांनी रुमाल झटकिला आणि मागच्या बाजूस नेऊन एक घोडी दाखविली. चौदंती म्हणजे ऐन तरुण, तांबूस काळी, अंगाने लहान, डोळा गरीब, चालणे असे की पाण्याचा घडा पाठीवर ठेवावा. जैतोजींनी खूर पाहिले, दात पाहिले, पोटावरून हात फिरविला, आणि काही उणे दिसेना. मग त्यांस भय वाटले. उणे नाही आणि भाव इतका कमी, तर उणे कोठे आहे ते सांगा, असे म्हणाले. पीरखानांनी मानेखालचे केस वर सारिले. तेथे केसांची एक रेघ उलट्या तोंडाने उतरली होती. तीस त्या मुलखात उलटी गोम म्हणत, आणि अशी गोम ज्या घोड्यास असे ते धन्याच्या मुळावर येते, असे लहान थोर सर्व मानीत. पीरखान म्हणाले, "आता खरं सांगतो. दोष दोरामागून चालतो. माझ्या हातून ज्याच्या हाती दोर जाईल त्याच्याकडे गेला. त्यानं दुसऱ्याच्या हाती दिला तर दुसऱ्याकडे. मी सहा महिने धरलाय, पाठ बघा माझी." जैतोजींनी विचारिले, "आणि नुसतं वर बसलं तर?" पीरखान आभाळाकडे पाहून म्हणाले, "बसणाऱ्याचं काही ऐकिवात नाही. दोर धरणाऱ्याचंच." बाजार उठू लागला. त्यांनी मनात असा हिशेब केला की आपण अकरा घोडी फिरविली, त्यांत नाना दोषांची होती, आणि आपणांस जगण्यापलीकडे काही झाले नाही. तर हा आणखी एक दोष आपल्याकडे राहील, पोर वर बसेल, आणि दोर तेवढा आपण सोडणार नाही. असा निश्चय करून त्यांनी उजवा हात पुढे केला आणि पीरखानांनी त्यात दोर दिला.

घोडी दारी आली ते समयी आवडाबाई भांडी घाशीत होत्या. त्या उठल्या, राखेचे हात तसेच, आणि जवळ आल्या नाहीत. लांबूनच विचारिले, "कधी नेणार?" जैतोजी म्हणाले, कोणी नेणार नाही, ही तुझी. तेव्हा त्या घोडीच्या गळ्यात पडल्या आणि घोडी सर्व राखेने माखली. साळुंकीच्या रंगाची म्हणोन तीस साळुंकी नाव ठेविले. सगुणाबाईंनी घोडीस भाकरीचा तुकडा दिला आणि म्हणाल्या की म्हैस बरी होती, तिला एवढे लाड लागत नव्हते. परंतु तुकडा मोठा होता. मग नित्याचा क्रम असा पडला की जैतोजी पागेतून येत, कन्येस घोडीवर बसवीत, आणि दोर आपल्या हाती धरून माळावर नेत. कन्या वर, आपण पुढे. लगाम घातला नाही, दोरावरच घोडी चाले. आठ दिवसांत कन्या पाठीवर पक्की बसली. महिन्याने म्हणाली, "आबा, आता सोडा." जैतोजी म्हणाले, उद्या. उद्या म्हणाली, तेव्हा म्हणाले, ऊन उतरू दे. मग म्हणाले, माळावर खड्डे फार. मग म्हणाले, पुढल्या वर्षी. कारण सांगावे असे अनेकदा तोंडापर्यंत आले. परंतु पोरीस गोम दाखविली तर ती भिईल, आणि भिऊन घोडीवरचे प्रेम जाईल, आणि जे द्यावयास दीड वर्ष सुया टोचून घेतल्या ते आपल्याच हाताने काढून घेतल्यासारखे होईल, असे वाटून ते गिळीत. गावातली मुले मागे लागून म्हणत की आवडीची घोडी आबाची, आवडी नुसते गाठोडे. यावर आवडाबाईंनी एकास दगड मारिला, आणि त्याचे कपाळ फुटले, आणि सगुणाबाईंनी त्याच्या आईस गूळ दिला. त्या दिवशी परत येताना कन्या पाठीवरून म्हणाली, "मला येत नाही असं वाटतं का तुम्हांला?" जैतोजी पुढे पाहून चालत होते. म्हणाले, "येतं." "मग?" त्यावर त्यांनी घोडीस चुचकारिले. कन्येने पुन्हा विचारिले नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही फार दिवस नाही. ती वर बसे, माळ पाहून येई, उतरे, घोडीच्या मानेवर गाल ठेवी आणि आत जाई. जैतोजींस वाटले की पोर समजूतदार झाली. असे दोन वर्षे चालले, आणि घरात कोणास ठेचसुद्धा लागली नाही, यावरून जैतोजींची खात्री झाली की उपाय लागू पडतो आहे.

मग राज्यावर मोहिमेचा प्रसंग आला. शेजारच्या राजाने पत्रात एक पदवी कमी लिहिली. दरबारात सात दिवस मसलत झाली की ती पदवी विसरली की गाळली, आणि गाळली असे ठरले, कारण विसरली असती तर मोहीम करता आली नसती. पागेत पाहतात तो घोडी कमी. कोठे गेली म्हणोन शोध केला, तर निम्मी घोडी दूध पिणाऱ्या मुलांच्या नावे निघाली. सरकारची मर्जी फार खट्टू झाली. मग हुकूम जाहला की मुलाचे घोडे ते मुलाचेच राहील, दिलेला शब्द सरकार फिरवीत नाही. परंतु मुलाने दोर स्वहस्ते धरून घोडे दहा पावले चालवून दाखवावे. चालले तर मुलाचे. न चालले तर ज्याच्या मागे घोडे जाईल त्याचे. आणि तो बारगीर असल्यास सरकारचे, कारण बारगिरास स्वतःचे घोडे असत नाही. हुकुमाचा कागद वाचला गेला तेव्हा जैतोजी पागेच्या भिंतीस टेकून उभे होते, ते दोर धरणाऱ्या आपल्या उजव्या हाताकडे पाहू लागले.

चौकशीस आठ दिवस होते. पहिले सहा दिवस जैतोजी घरी काही बोलले नाहीत. सातवे दिवशी त्यांनी सगुणाबाईंस गोम, दोर, पीरखान, सर्व सांगितले. सगुणाबाईंनी ऐकून घेतले, आणि त्यांच्याकडे असे पाहिले की जैतोजींकडे लढाईतही कोणी तसे पाहिले नव्हते. म्हणाल्या, "दोन वर्षं पोर रडते आहे की आबाला माझा भरवसा नाही. मला सांगायचं होतं. मी धरला असता दोर." मग त्या उठल्या, कन्येस बोलाविले आणि स्वतः सर्व सांगितले. आवडाबाई दहा वर्षांच्या होत्या. त्यांनी घोडीच्या मानेखालचे केस वर करून गोम पाहिली, बोटाने चाचपिली, आणि म्हणाल्या, "ही होय? ही मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी रोज विंचरते." मग बापाकडे वळून म्हणाल्या, "द्या." जैतोजींनी दोराचा हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. पाळण्यातून गेलेली दोन्ही त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्यांनी म्हटले, "उद्या देतो. सरकारसमोरच देतो. एक दिवस तरी कमी." हा एक दिवस त्यांनी वाचविला. बापलोक असा एकेक दिवस वाचवितात, आणि त्या दिवसाचे पुढे काय होते ते कोणास सांगता येत नाही.

दुसरे दिवशी पागेच्या अंगणात चौकशी भरली. पागेचा हिशेब लिहिणारे पागनीस गोपाळपंत चौकीवर बसले. पंत वाईट मनुष्य नव्हते. त्यांस दमा होता आणि घोड्याच्या केसाने तो वाढे, तरी तीस वर्षे तेच काम करीत होते. मातबर सरदाराची कन्या दाईच्या कडेवर आली, ती आता चार वर्षांची होती. मुठीत दोर दिला, आणि दाई दहा पावले चालली, आणि चाळीस घोडी एकामागून एक तशीच चालली, कारण पुढे घोड्यांचा एक मोतद्दार दाण्याने भरलेला तोबरा हलवीत होता. पंतांनी तोबऱ्याकडे पाहिले, सरदाराकडे पाहिले, खोकले, आणि चालली असे लिहिले. मग आवडाबाई भापकर यांस पुकारा झाला. जैतोजींनी घोडी आणिली. पंत म्हणाले, पोरीच्या हाती दोर द्या आणि तुम्ही पलीकडे भिंतीशी उभे राहा. जैतोजींनी देवाचे नाव घेतले आणि मूठ उघडली. दोन वर्षांत मूठ प्रथम उघडली. आवडाबाईंनी दोर घेतला. जैतोजी भिंतीशी जाऊन उभे राहिले. आवडाबाई चालू लागल्या, आणि दोर ताणला, आणि घोडी जागची हलली नाही. आवडाबाईंनी हाक मारिली. घोडीने कान हलविले, तीस आपली मुलगी ओळखू आली, तिने मुलीच्या खांद्यास नाक लाविले. परंतु चालावयाचे ते कोणाच्या मागे, हे तीस एकच शिकविले होते. तिने मान वर करून अंगण पाहिले, भिंतीशी जैतोजी दिसले, आणि ती वळून, आवडाबाईंस दोरासकट ओढीत, मोजून दहा पावले त्यांच्यापाशी गेली आणि खांद्याशी उभी राहिली. पंत म्हणाले, पुन्हा करा. जैतोजी भिंतीआड लपले. घोडी भिंतीआड आली. पंत म्हणाले, तिसऱ्यांदा करा, नियम नाही परंतु करा. जैतोजी अंगणाच्या दिंडीदरवाजाबाहेर जाऊन दिंडी लावून उभे राहिले, आणि आतून त्यांस पोरीची हाक ऐकू येत होती, चल गं साळू, चल बाय, पुन्हा पुन्हा, हळू आवाजात. आणि मग दिंडीवर आतून घोडीने कपाळ घासल्याचा आवाज आला. मग हाक थांबली.

पंतांनी लेखणी शाईत बुडविली. मग लिहिले की घोडी बारगिराची, सबब सरकारची. घोडीस डाग दिला ते समयी आवडाबाई तेथेच उभ्या होत्या. त्यांस जा म्हटले तरी गेल्या नाहीत. पंतांनी जैतोजींस बाजूस घेऊन सांगितले, "मोहिमेवर तुम्हांस घोडे द्यावयाचे आहे. हीच देतो. माझ्याने एवढे होते." जैतोजींनी मुजरा केला. ज्याचा राग करावा असे कोणी समोर दिसेना, त्यामुळे मुजऱ्याशिवाय करण्यासारखे काही नव्हते.

चौथे दिवशी फौज निघाली. गावाच्या ओढ्यापर्यंत बायका पोरे पोचवावयास आली. जैतोजी घोडीवर बसले नव्हते, दोर धरून चालत होते, आणि शेजारी आवडाबाई चालत होत्या. वाटेत त्यांनी दोर कन्येकडे केला. म्हणाले, ओढ्यापर्यंत धर. आता डाग बसला, दोष असेल तर तो सरकारकडे गेला. आवडाबाईंनी धरिला. घोडी दोघांच्या मधून चालली. ओढा आला. जैतोजी रिकिबीत पाय घालून वर बसले, तेव्हा आवडाबाईंनी बापाकडे पाहिले नाही. घोडीच्या कानाशी तोंड नेले आणि जसे मोठी माणसे परगावी जाणारास सांगतात तसे सांगितले, "आबांचा उजवा गुडघा धरतो. उतारावर सावकाश जा. त्यांना बोलायला लागतं, तू नुसते कान हलव." इतके सांगून दोर घोडीच्या मानेवर टाकिला आणि मागे सरल्या. जैतोजींनी सर्व ऐकिले. ओढा ओलांडीपर्यंत त्यांस मागे वळून पाहावयाचे होते. परंतु फौजेत मागे पाहण्याची चाल नव्हती.

सारांश. मोहीम फत्ते झाली. शेजारच्या राजाने गाळलेली पदवी लिहून पाठविली आणि वर एक अधिक लिहिली. सरदारांच्या मुलांची घोडी सुखरूप आहेत. साळुंकी घोडी तिसऱ्या लढाईत ठार झाली, आणि डागाचे कातडे रिवाजाप्रमाणे पागेत जमा आहे. उलट्या गोमेचा दोष कोणास लागला, याविषयी जाणत्यांत दोन मते आहेत. जैतोजी भापकर वीस कोस पायी घरी आले. वाटभर ते एक उत्तर जुळवीत होते, की पोर विचारील तर असे सांगू, साळूला फार लागले नाही असे सांगू, तुझे नाव घेतल्यावर कान हलविले असे सांगू. दारात आवडाबाईंनी पाय धुवावयास पाणी दिले, गुडघा शेकला, भाकरी वाढली, आणि काहीही विचारिले नाही. उत्तर जैतोजींपाशीच राहिले.

ऐसे झाले. लिहिणाराने कोठे अधिक घातले असेल तर ते राज्याच्या स्तुतीत घातले आहे. बाकी ठिकाणी झाले त्याहून कमीच लिहिले आहे.